शंभर फुटांत आई नाही

आबा, नातीने विचारलं म्हणून लिहायला बसले आहे, नाहीतर तुमची आठवण काढायला मला सवड कुठली. घरात मी तुम्हांला 'तू'च म्हणायचे, आपल्याकडे बापाला सगळेच म्हणतात. पण कागदावर 'तू' लिहिलं की तुम्ही लाल पेन्सिल मारायचात. ती भीती अजून बोटांत आहे, म्हणून 'तुम्ही'. चुका निघतील. पंचक्रोशीतल्या पोरांना तुम्ही धडे दिलेत आणि तुमची स्वतःची पोर चौथीतून उठली, तेव्हा माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचा दोष माझ्या माथी मारू नका. नात पुण्याला सिनेमा शिकते. होय, सिनेमा शिकवतात आता, त्याची शाळा असते, फी भरून. सुट्टीत आली आणि मी बांगडे साफ करत होते तिथे ओट्याला टेकून म्हणाली, "आजी, सरांनी दृश्य-रूपक शिकवलं. म्हणजे एक वस्तू दाखवायची..." मी म्हटलं, "आणि दुसरीच गोष्ट सांगायची. माणूस गेला हे सांगायचं तर प्रेत दाखवायचं नाही, उंबऱ्यातली त्याची वहाण दाखवायची. ठाऊक आहे." ती म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "माझ्या बापाने. नऊ वर्षांची होते, हातात पितळेची परात धरून उन्हात उभी होते, तेव्हा." आता ती म्हणते, पणजोबांच्या फिल्ममध्ये काय काय होतं ते एकेक करून लिहून दे. लिहायला घेतलं तिच्यासाठी, पण पहिल्याच ओळीला तुम्ही समोर येऊन बसलात. बसा मग.

कॅमेरा आपला नव्हता. पाणंदीपलीकडच्या किरिस्ताव घरातला थोरला झील आगबोटीवर होता. तुमचा जुना विद्यार्थी. त्याने कुठल्याशा बंदरातून चावीचा कॅमेरा आणला होता, सोबत शंभर फुटांचं एकच रीळ, आणि परत बोटीवर जाताना "मास्तर, मी येईपर्यंत वापरा" म्हणून तुमच्या हातात ठेवून गेला. तुम्ही तो देवासारखा पाटावर ठेवलात. आईने लांबूनच बघितलं आणि मला म्हणाली, "तुझ्या बापाशीक विचार गो, ह्येका खावक काय घालूचा लागता." तुम्हांला हसू आलं नाही. तुमच्याकडे तो जाडा इंग्रजी ग्रंथ होता, सिनेमाच्या शास्त्राचा, शब्दकोश बाजूला ठेवून तुम्ही तो चार वर्षं वाचत होतात. कणकवलीला तंबूतला सिनेमा आला की तुम्ही जायचात आणि अंधारात वहीत काहीतरी खरडून आणायचात. मग आई पाट्यावर वाटत असायची आणि तुम्ही शेजारी उकिडवे बसून तिला समजावत असायचात. दोन चित्रं एकामागून एक दाखवली की पाहणाऱ्याच्या मनात तिसरंच काही तयार होतं, ते पडद्यावर कुठेच नसतं. आई वरवंटा न थांबवता म्हणाली, "ह्यात नवा काय? खोबरां नि मिरसांग एका पाट्यार आली काय वाटप होता. मगे त्यात खोबरां खंय नि मिरसांग खंय, दाखवा बघया." तुम्ही ताडकन उठून ते वहीत लिहून घेतलंत. वही मी नंतर पाहिली. वाक्य होतं, पण कोणी म्हटलं ते लिहिलं नव्हतं.

तुमचा ग्रंथ म्हणायचा, आधी चित्रं घ्यावीत, मग कापून हवी तशी जोडावीत. ग्रंथ लिहिणाऱ्याकडे चित्रं कापायची मशीनं असतील, तुमच्याकडे दाढीचं ब्लेड. म्हणून तुम्ही ठरवलंत की ज्या क्रमाने दाखवायचं त्याच क्रमाने काढायचं, एकदा पुढे गेलं की मागे येणं नाही. चार मिनिटांची फीत, एका चावीला अर्धं मिनिट. विषय काय, तर 'घरातली बाई'. पहिलं चित्र विहिरीच्या रहाटाचं, ओला दोर सरकतोय. दुसरं पाट्याचं, वाटप काढून घेतल्यावर त्यावर उरलेल्या पिवळ्या पाण्याचं. तिसरं दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याचं, त्यात वारा भरतोय. आणि चौथं माडाचं चुडत. वाळकी झावळ आपोआप गळून पडते ती तुम्हांला हवी होती. ती पडेपर्यंत पाचवं चित्र काढता येईना, सगळं तिथे अडलं. चार दिवस तुम्ही माडाखाली कॅमेरा लावून बसलात. शेजारच्या माडवाल्याने हाक मारली, "मास्तरानू, माडाखाली बसलास कित्याक? नारळ पडात डोक्यार." तुमच्या हातात कॅमेरा आला की तुमचं मालवणी पळून जायचं. तुम्ही म्हणालात, "चुडत पडण्याची प्रतीक्षा करतोय." तो म्हणाला, "मगे वाट कसली बघतास? चढान कापून टाकतंय." तुम्ही म्हणालात, "कापलेलं नको. गळलेलं पाहिजे. त्यात अर्थ आहे." तो मान वर करून चुडताकडे बघत म्हणाला, "आमच्या घरात दोनीय चुलीतच जातत." पाचव्या दिवशी तुम्ही चहा प्यायला आत आलात आणि चुडत पडलं. धाडकन. कपात चहा तसाच. मग त्यालाच बोलावलंत, तो कोयता घेऊन चढला, आणि तुमचं शास्त्र त्याने वरून खाली पाडलं.

तोवर आईला रोज संध्याकाळी ताप येत होता. हे मी तुम्हांला आठवण करून देत नाही, तुम्हांला ठाऊकच होतं. माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मालवणच्या डॉक्टरने माघातच सांगितलं होतं की छातीचं आहे, मिरजेला न्या. तुम्ही म्हणालात, शाळेला सुट्टी लागली की नेतो. हे मला मावशीने माझ्या लग्नानंतर सांगितलं. सुट्टी लागली तेव्हा तुम्ही चुडताखाली बसला होतात. मी हे आजवर हजार वेळा मनात फिरवलं आहे आणि दर वेळी तिथेच येऊन थांबते. बाईला काय झालं आहे हे माहीत असलेला माणूस बाईचा सिनेमा काढतो आणि त्यात तिचा दोर, तिचा पाटा, तिचं लुगडं घेतो. ती तिथे दोन हातांच्या अंतरावर उभी होती, आबा. जिवंत. तुम्ही तिची रिकामी जागा आधीच काढून ठेवत होतात.

शेवटचं चित्र खळ्याचं. नुकतंच सारवलेलं अंगण आणि त्यावर दारातून बेड्याच्या फाटकाकडे बाहेर गेलेली बाईची पावलं. पाय नाहीत, नुसती पावलं. आईने पहाटे उठून शेण कालवून खळं सारवलं आणि तुम्ही म्हणालात, यावरून चाल. ती म्हणाली, "ओल्या सारवणार कोण पाय ठेयता? लोक थुकतीत माझ्यार." चालली. तुम्ही म्हणालात, ही पावलं फार जवळजवळ पडली, आणि फीत वाया घालवायची नाही म्हणून आधी नीट करून बघू. तिने सगळं पुन्हा सारवलं. पुन्हा चालली. एक पाय घसरला. तिने तिसऱ्यांदा सारवलं, वाकून, मध्ये मध्ये गुडघ्यावर हात ठेवून थांबत. मी शेण आणून देत होते. तिसरी पावलं तुम्हांला पसंत पडली. मग उजेड कमी पडतो म्हणून मला परात धरायला लावलीत. सोलं आणि राख लावून ती मी आदल्या दिवशी घासली होती, सूर्य त्यात मावत नव्हता. तेवढ्यात आई आतून आली. हातपाय धुऊन, लग्नातलं अंजिरी लुगडं नेसून, नथ घालून, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. पायरीवर येऊन बसली आणि पदर नीट केला. जन्मात तिचा फोटो निघाला नव्हता. मालवणात फोटोवाला होता, पण त्याच्यापुढे बाईमाणसाला घेऊन कोण जाणार. तुम्ही वळून बघितलंत आणि म्हणालात, "तू नको गं मध्ये." ती मला म्हणाली, "माका बसवूचा नाय तर मी न्हेसलंय कित्याक गो?" तुम्ही तिला शिकवायला लागलात, वर्गात शिकवायचात तसं, हात मागे बांधून. "तू दिसलीस तर बघणारा तुलाच बघेल आणि तिथेच थांबेल. तू नसताना तू दिसायला हवीस." आई म्हणाली, "मी नसताना दिसूक मी काय भूत आसंय?" आणि हसली, हसता हसता खोकली. मी परात तिच्याकडे वळवली. मला काय शास्त्र कळत होतं, मला वाटलं आई नटली आहे तर उजेड तिच्यावर पडावा. तुम्ही ओरडलात, "उजेड खळ्यावर मार!" मी खळ्यावर मारला. पावलं काढून झाल्यावर फीत थोडी उरली होती. आई तशीच पायरीवर बसून होती. तुम्ही ती उरलेली फीतसुद्धा त्याच रिकाम्या खळ्यावर संपवलीत, कारण ग्रंथात होतं की शेवटी थांबून राहावं.

ती आषाढात गेली. नदीला पाणी, पलीकडे नेणारी होडी बंद, मिरज तर सोडाच, मालवणही लांब. जास्त लिहीत नाही. बाराव्यानंतर तुम्ही माझं नाव शाळेतून काढलंत. "एक वरीस," म्हणालात, "घरात रांधूक कोण आसा?" ते वर्ष अजून संपलेलं नाही. आपलं घर शाळेच्या आवाराला लागून होतं. तुम्ही पलीकडे कविता म्हणायचात, पोरं मागून म्हणायची, आणि अलीकडे मी पेज ढवळता ढवळता ती पाठ करायची. मला पाढे पंधरापर्यंत येतात ते चुलीजवळून आले आहेत.

रीळ मुंबईहून धुऊन आलं ते दिवाळीनंतर. मार्गशीर्षात देवीच्या जत्रेला सिनेमाचा तंबू आला. त्याचं मशीन तुमच्या फितीच्या मापाचं निघालं आणि मालक तुम्हांला ओळखणारा, त्यामुळे त्याने खेळाच्या आधी तुमची चार मिनिटं दाखवायचं कबूल केलं. गावात बोभाटा झाला की मास्तरांची बायको पडद्यावर दिसणार. तिला जाऊन पाच महिने झाले होते. बायका मुद्दाम आल्या, तिच्या माहेरची माणसं बैलगाडीने आली. मावशीने माझी वेणी घालून मला पुढे बसवलं. इंजिन सुरू झालं. रहाट आला. मागून बायकांची कुजबुज, "आता येतली." पाटा आला. कोणी म्हणालं, "ह्यो तेंचोच पाटो, कोपरो फुटललो बघ." लुगडं आलं, वारा भरला. "आता येतली गो, लुगड्याच्या मागसून येतली." मी तर श्वास धरून होते. मग माड आला आणि चुडत पडलं. तंबूत बसलेली सगळी माणसं माडाखाली जन्मलेली. मागून कोणीतरी ओरडला, "मास्तरानू, ह्या चुडात पडलला न्हय, कापलला! देठ बघा, कोयत्याची धार दिसता!" अख्खा तंबू हसला. माडवाल्याची छाती फुगली, तो उभा राहून म्हणाला, "मिया कापलंय ता!" परत हशा. त्या हशातच पावलं आली, रिकामं खळं आलं, थांबून राहिलं आणि पडदा पांढरा झाला. कोणीतरी म्हातारी मोठ्याने विचारती झाली, "संपला? आणि बाय खंय आसा?" तुम्ही पुढे जाऊन उभे राहिलात आणि समजावून सांगायला लागलात, की दोर म्हणजे काय, लुगडं म्हणजे काय. लोक ऐकून घेत होते, मास्तर म्हणून. मालकाने मागून खूण केली आणि मुख्य खेळ सुरू झाला तेव्हा तुमचं वाक्य अर्धं होतं.

एक गोष्ट मात्र लिहिते, नाहीतर मी अन्याय केला असं होईल. आमच्या मागे घाटावरून लग्न होऊन आलेली, खाजं विकणारी एक बाई बसली होती. आईची तिची नुसती विहिरीवरची ओळख. ती पदर तोंडाला लावून रडत होती. मी विचारलं, "मावशे, कित्याक रडतंस?" ती म्हणाली, "त्या लुगड्यात वारो भरलो नि ती वाकान उठल्यासारी दिसली गो." तिला दिसली. परक्या बाईला दिसली. मला दिसलं लुगडं. म्हणजे तुमचं शास्त्र अगदीच खोटं नव्हतं, ते लागू पडलं. फक्त माझ्यावर पडलं नाही, आणि मला त्याची सगळ्यांत जास्त गरज होती. घरी येताना शेताच्या मेरेवर मी तुम्हांला विचारलं, "आबा, तेच्यात आई खंय होती?" तुम्ही न थांबता म्हणालात, "सगळीकडे होती. तुला बघता येत नाही." दहा वर्षांच्या पोरीला तुम्ही नापास केलंत आणि कंदील घेऊन पुढे गेलात.

त्यानंतर तुम्ही एकही सिनेमा काढला नाही. आगबोटीवाला आला, कॅमेरा घेऊन गेला. रीळ तुम्ही बिस्किटाच्या डब्यात ठेवलंत. माझ्या लग्नात ती परात मला दिलीत, आणि मी तीत वीस वर्षं तांदळाचं पीठ मळलं, मग भोक पडलं तेव्हा मोडीत घातली. नातीने हे ऐकून कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "भोक पडलेल्या परातीत काय रूपक मळू?"

तुम्ही आजारी पडलात तेव्हा माझी दोन्ही मुलं चालायला लागली होती. मी तुमच्या उशाशी राहायला आले. तुम्ही डबा मागवलात. मी झाकण उघडलं तर आंबूस वास, शिर्क्यासारखा, आणि फीत सगळी एकमेकांना चिकटून फणसपोळीच्या साटासारखी झालेली. पंधरा पावसाळे खाल्ले होते तिने. मी एक टोक ओढलं तर ते हातात तुटून आलं, त्यावर काही नव्हतं, नुसता चिकट डाग. मला वाटलं तुम्ही रडाल. तुम्ही म्हणालात, "तू सांग. क्रमाने सांग." मी सांगितलं. दोर, पाटा, लुगडं, चुडत, पावलं, खळं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत, एका जागी मला दुरुस्तही केलंत, पाट्यावर पाणी उजवीकडून ओघळत होतं म्हणून. बाहेर शाळा सुटल्याचा गलका होता. आणि तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, पुस्तकी नव्हे, आपल्या बोलीत, मला लहानपणी झोपवताना बोलायचात तसं, "ती दिसायची कशी गो? माका आठवणा नाय."

मी काय उत्तर दिलं ते तुम्हांला ठाऊक आहे. मी म्हटलं, "सगळीकडे होती ना? बघ मगे थंय." आणि पेजेचा टोप उचलून आत गेले. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. चौथ्या दिवशी गेलात.

हे मी मावशीला सांगितलं होतं, नवऱ्याला सांगितलं होतं, पुढे मुलांना सांगितलं. कसं बापाला एका वाक्यात गप्प केलं. ऐकणारे म्हणायचे, तुझी जीभ म्हणजे विळी. मला बरं वाटायचं. परवा नातीलाही सांगणार होते, पण तिने त्याच्या आधीच विचारलं, "पणजी कशी दिसायची, आजी?" मी म्हटलं गोरी होती, नाक सरळ होतं, डाव्या गालावर तीळ होता. तिने ते लगेच फोनमध्ये टिपून घेतलं. आता ती म्हणते, तशी बाई शोधून पणजोबांची फिल्म पुन्हा काढायची, आणि शेवटी तिला पायरीवर बसवायचं, चेहरा दाखवायचा. पोरगी मनाने चांगली आहे. ती तीळ असलेली बाई शोधत फिरेल.

नातीला द्यायचे कागद वेगळे लिहीन, दोर, पाटा, लुगडं, एवढेच. हे कागद तिला दाखवायचे नाहीत, कोणालाच नाहीत. तुम्हांला ते पोचत नाहीत एवढी अक्कल मला चौथीतही होती. तीळ नव्हता, आबा. म्हणजे असेलही, मला माहीत नाही. त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी तोंड उघडलं ते सांगायलाच, आणि सांगायला गेले तर काही सापडेना. नाक नाही, कपाळ नाही, हनुवटी नाही. विळीसारखी जीभ चालवली ती तेव्हा तेवढंच सुचलं म्हणून. तुम्हांला आठवत नव्हतं ते तुम्ही तोंडाने म्हणालात तरी. मला ते म्हणायची लाज वाटली.